पोटाचा घेर आणि नाडीचा ठेका

मनगटावर बोटं ठेवून नाडी मोजायला जावं आणि मोजताच येऊ नये, असं काहींच्या बाबतीत होतं. दोन ठोके घाईने येतात, एक गळतो, पुढचा दणकून लागतो. हे बहुधा एट्रियल फिब्रिलेशन. यात हृदयाचे वरचे कप्पे आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरतात. तिथे रक्त साकळून गुठळी झाली आणि मेंदूत पोचली, की पक्षाघात. हा धोका एरवीपेक्षा सुमारे पाचपट.

रुग्ण गोळीबद्दल विचारतो. वजनाचा विषय निघाला की ‘आमच्या घरात सगळेच अंगाने भरलेले’ म्हणून मोकळा होतो. पण चरबी फक्त पोटावर बसत नाही. हृदयाभोवतीही तिचा थर असतो. तो वाढला की ती स्नायूत शिरते आणि ठोक्याच्या विद्युत संदेशाची वाट अडते. वाढलेल्या रक्तदाबाने डावा वरचा कप्पा ताणला जातो. त्यात रात्री घोरताना श्वास अडकत असेल, तर त्याचाही जाच त्याच कप्प्याला.

ऑस्ट्रेलियातल्या अॅडलेडच्या डॉक्टरांनी अशा 355 जाड रुग्णांचा पाठपुरावा करून 2015 मध्ये ‘लेगसी’ हा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांनी वजन दहा टक्के किंवा अधिक उतरवलं, त्यांच्यातले सुमारे 45 टक्के औषधांविना, हृदयावरच्या कोणत्याही प्रक्रियेविना या त्रासातून सुटले. तीन टक्केही न उतरवलेल्यांत हे प्रमाण होतं जेमतेम 13. म्हणजे 85 किलोच्या माणसाला साडेआठ किलोंचा प्रश्न.

मला मात्र त्यातली दुसरी नोंद जास्त बोचते. ज्यांचं वजन पाच टक्क्यांहून अधिक वरखाली होत राहिलं, त्यांचा फायदा बराचसा धुऊन निघाला. घरातल्या लग्नाआधी सूपवर राहून उतरवलेलं आणि दिवाळीच्या फराळात परत आलेलं वजन हृदयाच्या फारसं कामाचं नाही. एकादशीला वाटीभर साबुदाणा खिचडी, वर दाण्याचं कूट आणि तूप, हा उपवास देवासाठी ठीक, वजनासाठी नव्हे. रोजच्या ताटात भात थोडा कमी, उसळ आणि भाजी जास्त, हे कंटाळवाणं खरं, पण वर्षानुवर्षं निभतं. दारूचा हिशेब वेगळा: एका रात्रीच्या अतिरेकानेही ठेका बिघडतो. डॉक्टरांनी 1978 मध्येच त्याला ‘हॉलिडे हार्ट’ नाव दिलंय.

वजन उतरलं म्हणून रक्त पातळ करणारी गोळी मनाने थांबवू नका. आणि नाडी पूर्ण मिनिटभर मोजून पाहा; ठेका सापडला नाही, तर त्याच आठवड्यात ईसीजी काढा.