सॉफ्टवेअर : तयार घ्यावे की करून घ्यावे?



ऊस नोंदीपासून पंधरवड्याच्या बिलापर्यंतचे आपले सगळे काम काँप्युटरवर चालते. त्यासाठीचा जुना प्रोग्रॅम बदलण्याचा विषय संचालक मंडळापुढे आहे व तो वार्षिक सभेतही निघेल. "ते ऑफिसचं काम, त्यात आम्हाला काय कळतंय?" असे काही सभासद गट ऑफिसात बोलून दाखवितात. पण तोडीचा नंबर आणि बिलाचा आकडा ह्याच प्रोग्रॅममधून बाहेर पडतो. लागणीची तारीख नोंदीत महिनाभर पुढची पडली, तर ऊस तोडीत तेवढा मागे राहतो. मग तुरा येतो, ऊस पोकळ पडतो आणि वजन घटते. तेव्हा हा विषय ऑफिसाइतकाच बांधावरचाही आहे.

रस्ते दोन आहेत. एक, बाजारात तयार मिळणारे सॉफ्टवेअर घेणे. ते अनेकांसाठी एकदाच केलेले असते, म्हणून सुरुवातीला स्वस्त पडते आणि लगेच सुरू होते. दुसरा, आपल्या कामाच्या मापाने ते करून घेणे. ह्याला पैसा व वेळ जास्त लागतो, पण आपल्या पद्धतीप्रमाणे ते चालते.

ह्यात एकच रस्ता खरा आणि दुसरा खोटा असे नाही. आपण शेतात काय करतो ते पाहा. ट्रॅक्टर आपण शोरूममधून तयार घेतो, तो कुणी गावात बनवीत बसत नाही. पण खोडव्याच्या बगला फोडायचे औजार मात्र वर्कशॉपवर उभे राहून, आपल्या सरीच्या मापाने करून घेतो. कारण साडेचार फुटी सरीचे औजार तीन फुटी सरीत चालवले, तर ऊसच मोडायचा. सॉफ्टवेअरलाही हाच हिशेब लावावा असे आमचे मत आहे.

जे काम सगळीकडे सारखे चालते, त्याला तयार माल बरा. किर्द-खतावणी, कामगारांचे पगार, भविष्य निर्वाह निधी, स्टोअरचा साठा ही अशी कामे होत. १ जुलै २०१७ पासून जीएसटी लागू झाला, तेव्हा हिशेबाची पद्धत देशभर एकदम बदलली. तयार हिशेबी सॉफ्टवेअर विकणाऱ्यांनी तो बदल एकदा केला आणि सगळ्या गिऱ्हाइकांना दिला. ज्यांचे हिशेब स्वतः करून घेतलेल्या प्रोग्रॅमवर होते, त्यांना मात्र तो आपापल्या खर्चाने करून घ्यावा लागला.

शेतकी विभागाचे काम वेगळे. एकाच गट नंबरात तीन भावांची नावे, सातबारा सामाईक, त्यातल्या एकाची आडसाली लागण आणि दुसऱ्याचा खोडवा, ही गोष्ट साध्या दुकानदारी सॉफ्टवेअरला कशी कळावी? जात, लागण तारीख आणि पक्वता पाहून तोडणी कार्यक्रम लावायचा, टोळ्यांची उचल सांभाळायची, बिलातून सोसायटीची वसुली कापायची. हे सगळे एकमेकांत गुंतलेले आहे.

इथे तिसरा रस्ताही आहे. साखर कारखान्यांसाठीच केलेली तयार सॉफ्टवेअरे मिळतात. ती घेऊन आपल्या गरजेपुरते फेरफार करून घ्यायचे. मात्र फेरफार किती, ह्याला मर्यादा हवी. प्रत्येक टेबलावरची जुनी सवय नव्या प्रोग्रॅममध्ये घालत बसलो, तर तयार घेतल्याचा फायदाच राहत नाही. पुढची सुधारित आवृत्ती आली की ती आपल्याकडे बसत नाही. सवय असेल तर सोडावी. सभासदाच्या हक्काची गोष्ट असेल तर धरून बसावे.

नियम बदलत राहतात हेही ध्यानात घ्या. २००९-१० च्या हंगामापासून एफआरपी आली, तेव्हा पायाभूत उतारा ९.५० टक्के होता. २०१८-१९ पासून तो १० टक्के आणि २०२२-२३ पासून १०.२५ टक्के झाला. फेब्रुवारी २०२२ मध्ये राज्य शासनाने एफआरपी दोन हप्त्यांत देण्याचा निर्णय काढला. मुंबई उच्च न्यायालयाने तो मार्च २०२५ मध्ये रद्द केला. अशा प्रत्येक वेळी बिलाचा प्रोग्रॅम बदलावा लागतो. तो बदल कोण, किती दिवसांत आणि काय खर्चात करणार, हे आधी ठरलेले पाहिजे. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ प्रमाणे ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावे लागतात, उशीर झाल्यास वार्षिक १५ टक्के व्याज लागते. प्रोग्रॅम बंद पडला म्हणून हे १४ दिवस थांबत नाहीत.

आता मालकीचे. पैसे आपण दिले म्हणजे प्रोग्रॅम आपला झाला, अशी समजूत असते. कायदा तसे म्हणत नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ खाली काँप्युटर प्रोग्रॅम हा पुस्तकासारखाच लिखाणात मोडतो. पगारी नोकराने नोकरीचे काम म्हणून लिहिलेला प्रोग्रॅम, वेगळा करार नसेल तर, मालकाचा असतो. पण बाहेरच्याकडून करून घेतलेल्या प्रोग्रॅमचा हक्क लेखी लिहून घेतल्याशिवाय आपल्याकडे येत नाही. लिहून घेताना मुदत घातली नाही, तर तो पाच वर्षांपुरताच धरला जातो. म्हणून करारात मुदतीसह हक्क आणि सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमचे मूळ लिखाण, आपल्या ताब्यात घ्यावे. तयार सॉफ्टवेअरमध्ये सोर्स कोड मिळत नाही, आपण फक्त वापराचा परवाना घेतो. तिथे निदान आपल्या सभासदांच्या नोंदी, वजने व बिले कधीही, दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये घालता येतील अशा स्वरूपात काढून मिळतील, एवढे तरी लिहून घ्यावेच. कंपनी बंद पडो वा दर वाढवो, आपली खतावणी परक्याच्या कपाटात अडकून पडता कामा नये.

सभासदांनी सभेत पुढील प्रश्न जरूर विचारावेत :

१. पहिली किंमत सोडून पुढील दहा वर्षांचा देखभाल व परवाना खर्च किती?
२. हे सॉफ्टवेअर दुसऱ्या कारखान्यात चालते काय? तिथले काम कुणी जाऊन पाहिले?
३. लिहिणारा माणूस सोडून गेला तर दुसरा कोण सांभाळणार?
४. नोंदी आपल्या मालकीच्या राहतील, असे करारात आहे काय?
५. लागण तारीख किंवा वजनात कुणी फेरफार केला, तर कोणी, केव्हा केला ह्याची नोंद राहते काय?
६. वजनाची व बिलाची पावती सभासदाला मराठीत, वाचता येईल अशी मिळेल काय?

शेवटी वेळेचे. प्रोग्रॅम तयार असो की करून घेतलेला, भर गाळपात बदलू नये. पावसाळ्यात बसवावा, मागील हंगामाचा एखादा पंधरवडा नव्या प्रोग्रॅममध्ये घालून जुन्या बिलांशी पैशापैशाने जुळवून पाहावा. जुळले तरच पुढे जावे.

आणि सभासदांकडून एक काम हवे. नव्या प्रोग्रॅममध्ये जुन्याच नोंदी जाणार आहेत. तेव्हा गट ऑफिसात येऊन आपली गट नंबर, क्षेत्र, जात व लागण तारखेची नोंद तपासा, चूक असल्यास लेखी दुरुस्ती द्या व पोच घ्या. नोंदच चुकीची असेल, तर कितीही भारी सॉफ्टवेअर आणले तरी तोड चुकणारच.

आपला,
ऊस विकास अधिकारी