अक्षर तिरपे झाले तेव्हा

माझे वडील जुळारी होते. उभे आयुष्य त्यांनी छापखान्यात खिळे जुळवण्यात घालवले. आज ऐंशीच्या घरात आहेत. डोळे थकले आहेत, पण छापलेला कागद हाती आला की प्रथम मजकूर न वाचता अक्षर पाहायचे, ही खोड काही गेलेली नाही. गेल्या हिवाळ्यात माझ्या लेखसंग्रहाची मुद्रिते आली तेव्हा मी ती मोठ्या अभिमानाने त्यांच्यापुढे ठेवली. ग्रंथनामे तिरप्या ठशात घ्यावीत अशी माझीच सूचना होती. दादांनी भिंग फिरवले, जरा थांबले आणि म्हणाले, "काय रे, ह्या अक्षरांना वारा लागलाय का?"

मी म्हटले, "दादा, तो इटॅलिक. संगणकावर एक बटण दाबले की होतो."

"बटण दाबून खिळा वाकतो होय?" एवढेच बोलून त्यांनी कागद परत दिले.

मी मराठीचा प्राध्यापक. अक्षरांवर पोट भरणारा, पण अक्षराकडे कधी पाहिले नव्हते. दादांच्या त्या प्रश्नाने मात्र पिच्छा पुरवला.

इटॅलिक हा मुळात वाकवलेला टाईप नव्हेच. व्हेनिसच्या आल्डस मॅन्युशियसने १५०१ मध्ये व्हर्जिलचे काव्य लहान, हातात मावेल अशा आकारात छापले. त्यासाठी फ्रान्चेस्को ग्रिफोने इटलीतल्या विद्वानांच्या धावत्या हस्ताक्षरावरून नवा ठसा कोरला. अख्खे पुस्तक त्याच ठशात! बाळबोध आणि मोडी यांचे आपल्याकडे जे नाते, काहीसे तसेच उभ्या आणि तिरप्या रोमन अक्षरांचे. एक सावकाश काढलेले, दुसरे हाताच्या वेगातून आलेले. मधल्या एखाद्या शब्दावर जोर देण्याची चाकरी त्या तिरप्या अक्षराला पुढे लागली.

आता सॅन्स-सेरिफची गंमत पाहा. सेरिफ म्हणजे अक्षराच्या टोकांना असणारे बारीक पाय. ते काढून टाकलेला पहिला छापील ठसा इंग्लंडमध्ये चौथ्या विल्यम कॅस्लनने १८१६ च्या सुमारास दाखवला, तोही फक्त मोठ्या लिपीचा. अशा सरळसोट अक्षराच्या मागे धावता हात कुठला? मग त्याने तिरपे व्हायचे ते कसे?

याला दोन उत्तरे मिळाली. एरिक गिल हा दगडात अक्षरे कोरणारा माणूस. त्याचा 'गिल सॅन्स' मोनोटाइप कंपनीने १९२८ मध्ये आणला. त्याच्या इटॅलिकमध्ये छापील वळणाचा दुमजली 'ए' जाऊन आपण हाताने लिहितो तसा एकमजली 'ए' येतो. 'पी'ला डावीकडे लेखणीची आठवण सांगणारे एक चिमुकले शेपूट आहे. पाय गेले, पण हात राहिला! उलट एड्रियन फ्रुटिगरच्या १९५७ च्या 'युनिव्हर्स'मध्ये एकवीस भावंडांना नावांऐवजी आकडे दिलेले. ५५ हा साधा उभा, ५६ हा त्याचाच तिरपा. अक्षर तेच, फक्त कललेले.

पण 'फक्त' म्हणताना जपून. गोल 'ओ' नुसता ढकलून पाहा: वरचा उजवा आणि खालचा डावा भाग जाड होतो, उरलेले दोन कोपरे रोडावतात. म्हणून चांगला कारागीर प्रत्येक वळण पुन्हा रेखाटतो. धातूच्या काळात तर सुटकाच नव्हती. तिरप्या अक्षराचा खिळा वेगळाच ओतावा लागे. दादांचा टोमणा नेमका इथे लागला. मला स्वतःला गिलची तऱ्हा अधिक जिवंत वाटते, पण तक्त्यात आणि आकड्यांच्या गर्दीत फ्रुटिगरचीच शिस्त हवी.

आणि हा कल निव्वळ शोभेचा नाही. आमच्या कन्येच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकात तिरपा 'एम' म्हणजे वस्तुमान, उभा 'एम' म्हणजे मीटर. जीवशास्त्रात माणसाच्या जनुकाचे चिन्ह तिरपे आणि त्याच जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनाचे उभे! आंब्याचे 'मँजिफेरा इंडिका' हे शास्त्रीय नावही तिरपेच छापायचे. म्हणून हा कल डोळ्याला चटकन कळला पाहिजे. सॅन्स-सेरिफमध्ये तो कळायला पायांची मदत नाही; कोन जरा कमी पडला की जनुक आणि प्रथिन एकच दिसू लागतात. चित्राखालच्या दोन ओळींना हा ठसा शोभतो. पानभर वाचायला दिला तर मात्र डोळा शिणतो.

आपल्या देवनागरीचे दुखणे वेगळे. रोमन अक्षर पायाच्या रेषेवर उभे असते, आपले शिरोरेषेला लटकते. बटण दाबले की शिरोरेषा आडवीच राहते आणि काने मात्र खाली डावीकडे सरकतात. दोरीवर वाळत घातलेले धोतर वाऱ्याने एका बाजूला जावे तसे. दादांना दिसला तो हाच वारा. त्यांच्या खणांत तिरपा देवनागरी टाईप कधी नव्हता. जोर द्यायचा तर ठळक ठसा, ग्रंथनाम असेल तर अवतरणचिन्ह. काम भागत असे.

मी सगळी ग्रंथनामे पुन्हा उभी करून घेतली आणि एकेरी अवतरणांत घातली. जुळणीवाला कुरकुरला. दुसरी मुद्रिते दादांपुढे ठेवली तेव्हा त्यांनी या वेळी अक्षरांबद्दल अवाक्षर काढले नाही. भिंग एका ओळीवर टेकवले आणि म्हणाले, "इथला अनुस्वार कुठे गेला?"