ओव्या कोणाच्या घरात ठेवायच्या?

जात्यावरच्या ओव्या गोळा करणाऱ्याला वही पुरत नाही. ओवीचे शब्द, गाणारीचे गाव, विषय, ध्वनिमुद्रण हे सारे शोधता यावे असे ठेवायचे तर एक छोटे ॲप लागते. नेकनूरमध्ये बसून मी हे काम करतो, तेव्हा माझ्यासमोर दोन वाटा असतात.

पहिली वाट ‘लो-कोड’ साधनांची. पडद्यावर रकाने मांडायचे, बटणे जोडायची. प्रोग्रॅमिंग फारसे लागत नाही. काम झटपट होते, पण आपले ॲप कंपनीच्या सर्व्हरवर राहते. म्हणजे घर भाड्याचे. गुगलने ‘ॲप मेकर’ हे असेच साधन बंद करण्याचे जानेवारी २०२० मध्ये जाहीर केले आणि १९ जानेवारी २०२१ रोजी ते बंद झाले. त्यावर बांधलेली ॲप्स जशीच्या तशी दुसरीकडे नेता येत नव्हती.

दुसरी वाट मुक्त सॉफ्टवेअर स्वतःच्या किंवा भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर चालवण्याची. इथे मालकी आपली, आणि राखणही आपलीच. अद्ययावत करणे, सुरक्षा, रोजची बॅकअप प्रत हे कोणी तरी नेमाने करावे लागते. तो माणूस आजारी पडला तर पुढे कोण, हा प्रश्न तंत्राइतकाच महत्त्वाचा आहे.

या दोहोंमध्ये मधली वाटही आहे. मुंबईच्या ‘फ्रॅपे’ कंपनीची त्याच नावाची चौकट मुक्त परवान्याखाली मिळते. तिच्यात पडद्यावरच फॉर्म बांधता येतो आणि सर्व्हर आपला ठेवता येतो. राखणीचे ओझे मात्र इथेही टळत नाही.

निवड करताना आधीचा एक अनुभव पाहावा. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांच्या प्रकल्पात महाराष्ट्रातल्या हजारांहून अधिक गावांतून लाखाच्या वर ओव्या जमल्या. त्यांत आपल्या माजलगावच्याही आहेत. दोघेही आज हयात नाहीत. पण २०१७ पासून त्या ओव्या ‘पारी’ या संकेतस्थळावर वाचायला-ऐकायला मिळू लागल्या. माणसे आणि संस्था बदलल्या तरी नोंदी एका हातातून दुसऱ्या हातात जाऊ शकल्या, म्हणून हे घडले.

उलट उदाहरणही आपल्याच भाषेत आहे. यूनिकोड रुळण्यापूर्वी जुन्या फाँटांत टंकलेला मराठी मजकूर तो फाँट नसेल तर निरर्थक चिन्हे होऊन उमटतो. फाइल असते, भाषा हरवते.

म्हणून साधन कोणतेही घ्या, आधी तीन गोष्टी तपासा. सगळा मजकूर यूनिकोडमध्ये, साध्या तक्त्याच्या फाइलीत बाहेर काढता येतो का? ध्वनिफिती त्यांच्या नोंदक्रमांकासह मिळतात का? आणि ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिली आहे का? तिन्हींची उत्तरे होकारार्थी असतील, तर एकट्या संग्राहकाने लो-कोड बिनधास्त वापरावे आणि दरमहा प्रत काढून दोन ठिकाणी ठेवावी. राखण करणारी दोन माणसे असतील, तरच सर्व्हर घरचा करावा.

ॲप पुन्हा बांधता येते. जात्यावर गायलेल्या बायका मात्र आता थोड्याच उरल्या आहेत. त्यांच्याकडून तीच ओवी पुन्हा मिळेल याची खात्री नाही.