नदीच्या अलीकडे पासष्ट, पलीकडे साठ

गोंदियाहून बालाघाटच्या रस्त्याला लागलं की रजेगावजवळ बाघ नदीचा पूल येतो. पूल ओलांडला की मध्य प्रदेश. दोन्ही काठांना धानाच्या बांध्या, दोन्हीकडे पावसाळ्यात रोवणीची सारखीच लगबग आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा रोटी-बेटी व्यवहार. पण म्हातारपण मात्र या दोन काठांवर वेगवेगळ्या वर्षी सुरू होतं. पलीकडे दारिद्र्यरेषेखालच्या घरातल्या बाईला साठाव्या वर्षापासून महिन्याला 600 रुपये पेन्शन मिळते. अलीकडे, आपल्या श्रावणबाळ योजनेत, 1,500 रुपये मिळतात. पण त्यासाठी वय 65 पूर्ण लागतं.

समजा, दोन जुळ्या बहिणी आहेत. एक बालाघाटकडे दिलेली, दुसरी गोंदियाच्याच गावात. घरं सारखीच गरीब, दोघींचे नवरे हयात. पासष्टी गाठेपर्यंत पलीकडच्या बहिणीला 36,000 रुपये मिळून गेलेले असतात, अलीकडचीला या पेन्शनचा एक पैसाही नाही. तिथून पुढे अलीकडची दरमहा 900 रुपयांनी जास्त घेते. आजच्या दराने ती भर निघायला 40 महिने लागतात. म्हणजे वय 68 वर्षं 4 महिने होतं, तेव्हा कुठे दोघींची बरोबरी. त्यापुढे जगेल तितका अलीकडचीचा फायदा, त्याआधी डोळे मिटले तर तोटा.

मला या साध्या आकडेमोडीचं फार नवल वाटतं. पेन्शनची रक्कम घटवली तर सगळ्यांचंच थोडं थोडं जातं. वय वाढवलं तर उशिरापर्यंत जगणाऱ्याचं थोडं जातं आणि लवकर जाणाऱ्याचं सगळंच जातं. वरून दोन्हींत सरकारची बचत सारखी दिसेल, पण ती कुणाच्या ताटातून निघाली ते वेगळं.

आणि लवकर थकतं कोण? रोवणी जवळून पाहिली की कळतं. पऱ्ह्यांची जुडी डाव्या हातात, उजव्या हाताने दोन-तीन रोपं सोडवायची, चिखलात खोचायची, एक पाऊल मागे सरायचं, पुन्हा खोचायचं. पाय पाण्यात, पाठीवर पाऊस, आणि कंबर सरळ होते ती बांधीच्या धुऱ्यावर पोचल्यावरच. घरी आल्यावर चूल आहेच. उन्हाळ्यात तेंदूपत्ता, अनेक घरांत विड्या वळणं. हे सगळं विशीच्या आत सुरू झालेलं असतं.

बायका जास्त जगतात, मग वयाची अट दोघांना सारखी का नको, असं विचारलं जातं. आकडा खरा आहे: 2016-20 च्या नोंदींनुसार भारतात बाईचं सरासरी आयुर्मान 71.4 वर्षं, पुरुषाचं 68.6. पण या सरासरीत रोवणी करणारी आणि खुर्चीवर बसून नोकरी केलेली एकाच ओळीत येतात.

हाच वाद ब्रिटनमध्ये फार मोठा झाला. तिथे 1940 साली बायकांचं पेन्शनचं वय 65 वरून 60 वर आणलं गेलं. त्यामागे ब्रॅडफर्डच्या फ्लॉरेन्स व्हाइट यांनी अविवाहित कष्टकरी बायकांसाठी उभारलेली चळवळही होती. त्यांची मागणी तर 55 ची होती. पुढे 1995 च्या कायद्याने ते वय टप्प्याटप्प्याने पुरुषांइतकं करायचं ठरलं. 2018 मध्ये ते 65 झालं, 2020 मध्ये दोघांचंही 66. आपलं वय वाढलंय हे कितीतरी जणींना उशिरा कळलं, आणि ही माहिती नीट पोचवली गेली नाही, असा निर्वाळा तिथल्या संसदीय लोकपालांनी मार्च 2024 मध्ये दिला. गोंदियाच्या बाईचं कुणी वय वाढवलं नाही. तिला मुळातच 65 मिळालं. केंद्राने 2011 साली आपल्या वृद्धापकाळ योजनेची अट 65 वरून 60 वर आणली, तरी श्रावणबाळ तिथेच राहिली.

एकाच बाईला सरकार किती वेगवेगळ्या वर्षी म्हातारी ठरवतं पाहा. पीएफ भरलेल्या विडी कामगार बाईची पेन्शन 58 ला सुरू होते. घरी बसून विड्या वळणाऱ्याही पीएफला पात्र आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्येच सांगितलं. रेल्वेची सवलत मार्च 2020 पर्यंत बाईला 58 ला होती, पुरुषाला 60 ला. ज्येष्ठ नागरिकांचा 2007 चा कायदा 60 मानतो. तहसीलमध्ये मात्र साठीतली आजी ‘वयात बसत नाही’.

त्यात तिचं वय तरी कुठे पक्कं माहीत असतं? शाळेचा दाखला नाही, जन्माची नोंद नाही. कितीतरी आधार कार्डांवर फक्त जन्मवर्ष छापलेलं असतं, आणि ते नोंदणीच्या दिवशी समोरच्याने अंदाजाने विचारून लिहिलेलं. तो अंदाज तीन वर्षांनी चुकला, तर आजच्या दराने 54,000 रुपये इकडचे तिकडे होतात.

साठ ते पासष्टच्या मधल्या रिकाम्या पाच वर्षांत विधवा आणि निराधार बायकांना संजय गांधी निराधार योजनेचा आधार होता, नवरा असलेल्या गरीब बाईला काहीच नव्हतं. जून 2024 च्या अर्थसंकल्पात महिन्याला 1,500 रुपये देणारी लाडकी बहीण योजना जाहीर झाली तेव्हा तिचंही वय 21 ते 60 होतं. काही दिवसांतच ते 65 केलं गेलं आणि ती पाच वर्षं भरून निघाली. इतकी वर्षं अडलेली गोष्ट एका आठवड्यात होऊ शकते, याचं मला खरंच अप्रूप वाटलं.

पण ती रिकामी जागा आता पासष्टीच्या पुढे सरकली आहे. लाडकी बहीणसाठी कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला अडीच लाखांपर्यंत चालतं, श्रावणबाळसाठी 21,000 पर्यंतच, म्हणजे महिन्याला 1,750 रुपये. घरात वर्षाला लाखभर रुपये येतात अशा बाईला चौसष्टाव्या वर्षी 1,500 रुपये मिळतात, आणि पासष्टी पूर्ण होताच ते थांबतात. श्रावणबाळच्या दारातून तिला आत जाता येत नाही. ज्या वयात हात चालेनासे होतात, नेमक्या त्याच वयात. श्रावणबाळची वयाची अट 60 वर आणायला हवी आणि 21,000 ची मर्यादा निदान लाडकी बहीणच्या जवळ न्यायला हवी. सुरुवात दुसऱ्या कामापासून व्हावी, कारण पासष्टी ओलांडणाऱ्या बायका आजच हप्त्याला मुकताहेत.