दुधाच्या भांड्यांचे जोडकाम : सच्छिद्र सांध्याची कारणे व उपाय

जनावरांची निगा उत्तम राखली, धार स्वच्छ हातांनी काढली आणि दूध वेळेवर संकलन केंद्रावर पोचविले, तरीही काही वेळा ते आंबूस निघते. अशा वेळी दोष वैरणीत किंवा कासेत शोधला जातो. पण तो भांड्याच्या सांध्यातही दडलेला असू शकतो. स्टेनलेस स्टीलच्या कॅनचा अथवा शीतकरण टाकीच्या नळीचा सांधा सच्छिद्र असला, म्हणजे सुईच्या अग्राएवढ्या भोकातही दूध साचून राहते. तेथे कुंचला पोचत नाही. साचलेल्या दुधात जंतू वाढतात व पुढचे ताजे दूध नासवितात. टाकीतील ४ अंश सेल्सिअसची थंडी जंतूंची वाढ मंदावते, त्यांचा नाश करीत नाही. एका कॅनमधील असे दूध टाकीत मिसळले, की साऱ्या गावाचे दूध धोक्यात येते.

दोष कसा निर्माण होतो ?

या भांड्यांचे सांधे टिग वेल्डिंगने जोडतात. कारखान्यांतून त्यास आर्गन वेल्डिंग असे म्हणतात. टंगस्टनच्या कांडीचे टोक व पत्रा यांच्यामध्ये विजेची ज्योत पेटते आणि नॉझलमधून येणारा आर्गन वायू वितळलेल्या धातूवर पांघरूण घालतो. हे पांघरूण विस्कटले, किंवा पत्र्यावर तेल, स्निग्धांश, ओल वा गंज राहिला, तर वितळलेल्या धातूत वायू शिरतात. धातू थिजताना त्यांना बाहेर पडण्यास अवधी मिळत नाही आणि बारीक छिद्रे राहतात.

प्रथम दोषाचे स्थान ओळखावे

एकदम अनेक बदल करू नयेत. त्याच जातीच्या, स्वच्छ केलेल्या कोऱ्या पत्र्याच्या तुकड्यावर प्रथम एक टाका घालून पाहावा. तेथेही छिद्रे आली, तर दोष वायूच्या पुरवठ्यात आहे असे समजावे. तुकड्यावरील टाका निर्दोष आला व कॅनवरील बिघडला, तर दोष कॅनच्या अस्वच्छतेत आहे. टंगस्टनचे टोकही साक्ष देते. काम थांबल्यावर ते रुपेरी दिसावे. निळे-काळे पडले असल्यास त्यास हवा लागली आहे.

वायूचे दोष

१. सिलिंडर शुद्ध आर्गनचाच असावा. मिग वेल्डिंगसाठी ठेवलेला कार्बन डाय-ऑक्साइडमिश्रित वायू चुकून जोडला गेल्यास टंगस्टन जळते व सांधा बिघडतो.

२. पातळ पत्र्यास मिनिटाला सुमारे ८ ते १० लिटर प्रवाह सामान्यतः पुरतो. प्रवाह अति वाढविल्यास भोवरे उठून उलट बाहेरची हवा आत ओढली जाते.

३. रबरी नळी व तिचे जोड साबणाच्या पाण्याने तपासावेत. बुडबुडे आले, तर तेथे गळती आहे.

४. पंखा बंद ठेवावा व वाऱ्याच्या बाजूस आडोसा करावा. रस्त्याकडेच्या उघड्या कार्यशाळेत याकडे विशेष लक्ष द्यावे.

५. ज्योत विझल्यावरही टॉर्च ८ ते १० सेकंद जागेवरच धरावा, म्हणजे तापलेला धातू वायूखाली निवेल.

पृष्ठभागाचे दोष

जुन्या कॅनच्या तळकड्याच्या फटीत दुधाचा स्निग्धांश व किटण बसलेले असते. धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने कॅन धुऊन, स्वच्छ पाण्याने खळबळून, पूर्ण वाळवावा. नंतर सांध्याची जागा ॲसिटोनने पुसावी व ते उडून गेल्यावरच ज्योत पेटवावी. क्लोरीनयुक्त द्रावक मुळीच वापरू नये. ज्योतीच्या सान्निध्यात त्यापासून फॉस्जीन हा विषारी वायू निर्माण होतो.

घासण्यासाठी स्टेनलेस स्टीलचाच ब्रश असावा. साध्या लोखंडाच्या ब्रशचे कण पत्र्यात रुततात व पुढे तेथे गंज चढतो. भरावाची तारही पुसून घ्यावी. ३०४ जातीच्या पत्र्यास ३०८ एल तार योग्य होय. टंगस्टन वितळलेल्या धातूत बुडाले, तर काम थांबवून ते पुन्हा लांबीच्या दिशेने घासावे.

नळीची आतील बाजू

नळीचा सांधा बाहेरून चकचकीत दिसला, तरी आत हवा लागून तो काळा व दाणेदार झालेला असू शकतो. आणि दूध तर आतूनच वाहते. म्हणून नळीची टोके बंद करून, एक लहान वाट ठेवून, आतही आर्गन सोडावा. आतील हवा पूर्ण निघून गेल्यावरच जोडकाम सुरू करावे.

दुरुस्ती व दक्षता

छिद्रांवर नुसता दुसरा टाका चढविल्याने दोष झाकतो, जात नाही. निर्दोष धातू लागेपर्यंत तो भाग घासून काढावा व सांधा नव्याने भरावा. आर्गन हवेपेक्षा जड असून त्यास वास नसतो. टाकीत उतरून काम करताना तो तळाशी साचल्यास मनुष्य गुदमरून दगावू शकतो. यास्तव वायुवीजन असावे व बाहेर एक माणूस सतत उभा असावा.

कॅन दुरुस्त होऊन आल्यावर उत्पादकांनी व संस्थेच्या सचिवांनी तो उजेडात धरून आतील सांधा पाहावा व बोट फिरवून तपासावा. सांधा गुळगुळीत, अखंड व काळसरपणारहित असेल, तरच कॅन दुधासाठी स्वीकारावा. पाणी गळत नाही एवढ्यावर समाधान मानू नये; न गळणारे छिद्रही दूध नासविते.