एका चौरस किलोमीटरला एकसष्ट सेंट

प्रशांत महासागराच्या मधोमध, विषुववृत्ताच्या जरा खाली फिनिक्स बेटे आहेत. आठ छोटी प्रवाळबेटे. वस्ती फक्त कँटनवर, आणि तिथेही पन्नास माणसे नाहीत. त्यांच्याभोवतीचा ४,०८,२५० चौरस किलोमीटर समुद्र किरिबाती या देशाने संरक्षित केला. सबंध महाराष्ट्र त्यात ठेवला तरी लाखभर चौरस किलोमीटर पाणी उरते. १९८७ साली घोषित झालेले आपले मालवणचे सागरी अभयारण्य २९ चौरस किलोमीटरचे. तशी चौदा हजार अभयारण्ये तिथे मावतील. २०१० मध्ये युनेस्कोने या क्षेत्राला जागतिक वारसा ठरवले. १ जानेवारी २०१५ पासून तिथली व्यापारी मासेमारी थांबली.

घोषणेला एक कागद पुरतो. राखणीला मात्र दरवर्षी पैसा लागतो, तोही कायमचा. त्यासाठी एक विश्वस्त निधी उभारला गेला. २५ लाख डॉलर किरिबाती सरकारने घातले, २५ लाख ‘कन्झर्वेशन इंटरनॅशनल’ या संस्थेने. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजावर कारभार चालवायचा, अशी अशा निधीची रीत असते.

आता हिशेब करू. ५० लाख डॉलरवर ५ टक्के परतावा धरला तर वर्षाला अडीच लाख डॉलर येतात. ते ४,०८,२५० चौरस किलोमीटरवर पसरले की एका चौरस किलोमीटरच्या वाट्याला ६१ सेंट. म्हणजे पन्नास-पंचावन्न रुपये, वर्षभरासाठी! महागाईने मुद्दल झिजू नये म्हणून परताव्यातला काही भाग पुन्हा गुंतवायचा, तर हातात त्याहून कमीच उरणार.

दुसऱ्या बाजूला ट्यूना. प्रशांत महासागरातले ट्यूनावाले देश परदेशी जहाजांना मासेमारीचे दिवस विकतात. एका जहाजाच्या एका दिवसाचा किमान भाव ८,००० डॉलर. निधीचे वर्षभराचे सगळे व्याज म्हणजे एका जहाजाचे जेमतेम ३१ दिवस. एका जहाजाला महिनाभर परवाना दिला की तेवढी रक्कम सरकारी तिजोरीत येते, आणि किरिबाती असे दिवस हजारोंनी विकतो. जेमतेम सव्वा लाख लोकसंख्येच्या या देशाचे निम्म्याहून अधिक सरकारी उत्पन्न मासेमारीच्या परवान्यांतूनच येते.

राखण तरी कशी करायची? राजधानी तारावापासून कँटन सतराशे किलोमीटरहून दूर, आणि बंदी आली तेव्हा देशाकडे गस्ती नौका होती एकच. तरीही जून २०१५ मध्ये बंदी मोडणारे एक जहाज पकडले गेले, आणि उपग्रहांनी टिपलेला त्याचा माग पुराव्यात कामी आला. जहाजाच्या मालकांनी दंड आणि देणगी मिळून सुमारे २० लाख डॉलर भरले. निधीचे आठ वर्षांचे व्याज एका फेरीत वसूल झाले! पण अशा वसुलीच्या भरवशावर राखण चालत नाही.

नोव्हेंबर २०२१ मध्ये किरिबाती सरकारने हा समुद्र पुन्हा मासेमारीला खुला करण्याचा निर्णय जाहीर केला. जगभर हळहळ झाली. मला त्या निर्णयाचे दुःख आहे, पण दोष त्या सव्वा लाख लोकांना देववत नाही. साऱ्या जगाचा वारसा म्हणायचा आणि त्याची किंमत एका गरीब देशाने आपल्या उत्पन्नातून मोजायची, ही वाटणीच चुकीची होती.

मोठा पैसा उभा राहू शकतो, हे इक्वेडोरने दाखवले. मे २०२३ मध्ये त्याने आपले १६३ कोटी डॉलरचे जुने रोखे, भाव पडलेला असताना, ६४ कोटींना परत घेतले. त्या बदल्यात गालापागोसच्या समुद्रासाठी दरवर्षी सुमारे १ कोटी २० लाख डॉलर देण्याचे बंधन स्वीकारले, साडेअठरा वर्षांसाठी. शिवाय पुढच्या काळासाठी वेगळी गंगाजळी साठवली जाते आहे. तिथली दोन राखीव क्षेत्रे मिळून १,९८,००० चौरस किलोमीटर भरतात, म्हणजे चौरस किलोमीटरला वर्षाला ६० डॉलर. फिनिक्सच्या जवळपास शंभर पट.

हाच दर फिनिक्सला लावला तर वर्षाला अडीच कोटी डॉलर लागतील आणि तेवढे व्याज देणारे मुद्दल हवे सुमारे ४९ कोटी. होते ५० लाख.

२०२२ च्या मॉन्ट्रियलमधल्या जैवविविधता परिषदेत जगाने २०३० पर्यंत ३० टक्के समुद्र राखण्याचे ठरवले. म्हणजे सुमारे १० कोटी ८० लाख चौरस किलोमीटर. गालापागोसच्या दराने वर्षाला साडेसहाशे कोटी डॉलर. रक्कम अशक्य वाटते? मासेमारीची ताकद वाढवणारी, समुद्र आणखी उपसायला लावणारी जी अनुदाने जगातली सरकारे देतात, त्यांचा २०१८ सालचा अभ्यासकांचा अंदाज २,२०० कोटी डॉलरचा आहे. त्या एका वर्षाच्या अनुदानातून फिनिक्सचा ४९ कोटींचा निधी जवळपास पंचेचाळीस वेळा उभा राहिला असता.