कांद्याच्या रोपाचा जमाखर्च

डिसेंबर-जानेवारीत चांदवडहून लासलगावकडे निघालात, तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ओणव्याने उन्हाळ कांद्याची रोपे लावणाऱ्या बायकांच्या रांगा दिसतील. त्यांच्या हातांतील जुड्या नीट पाहा. पुष्कळदा रोपांचे शेंडे छाटलेले असतात. ज्या पातीने रोपाचे अन्न तयार करायचे, तीच का बरे कापायची?

उत्तर पाण्याच्या जमाखर्चात आहे. मुळे पाणी शोषतात, ही जमा. पातीवरील सूक्ष्म छिद्रांतून वाफ बाहेर पडते, हा खर्च. उळे टाकल्यावर सात-आठ आठवड्यांनी रोप उपटले, की मुळांची कोवळी टोके तुटतात. जमा एकदम घटते. खर्च मात्र चालूच राहतो. बुडाच्या चकतीतून नवी मुळे फुटेपर्यंत रोपाला तोट्यातच दिवस काढावे लागतात. तोटा फार वाढला, तर रोप मरते.

हा तोटा कमी कसा करावा? पहिला उपाय म्हणजे ऊन उतरल्यावर लागवड करणे. गार हवेत बाष्पीभवन मंदावते, रात्री छिद्रेही बहुतांशी मिटतात. दुसरा उपाय, लागवडीबरोबरच वाफ्याला पाणी देणे. मातीच्या कणांमधील बारीक फटींतून पाणी केशाकर्षणाने मुळापर्यंत पोहोचते. मुळाभोवती हवेची पोकळी राहिली, की ही वाट तुटते. पाण्याने माती बसते आणि मुळाला बिलगते. तिसरा उपाय शेंडे छाटण्याचा. पात कमी, तर वाफही कमी. पण मग अन्नही कमीच तयार होणार! म्हणून छाटणी दुधारी आहे.

तिचा हिशोब तुम्हीच घरच्या परसात करून पाहा. सारख्या जाडीची वीस रोपे घ्या. दहांचा वरचा एक-तृतीयांश भाग कापा, दहा तशीच ठेवा. संध्याकाळी एकाच वाफ्यात, ओळींत 15 आणि रोपांत 10 सेंटिमीटर अंतर राखून, दोन्ही प्रकारची रोपे आलटूनपालटून लावा. पाणी सारखे द्या. आठ दिवस दुपारी दोन वाजता कोणती रोपे माना टाकतात, ते वहीत नोंदवा.

एवढ्यावर निकाल देऊ नका. सुमारे चार महिन्यांनी माना पडल्यावर कांदे काढा, मोजा आणि दोन्ही गटांचे वेगवेगळे वजन करा. कात्रीने किती वाचवले आणि किती गमावले, ते तराजूच सांगेल.